त्रयस्थ महाशयांस, गोडदेव नाक्यावरून

सन्माननीय त्रयस्थ तपासनीस महाशय,


आपले दर्शन आम्हां भाईंदर पूर्वेच्या लोकांना कधी घडलेले नाही, पण महती ऐकून आहोत. रस्ता आमच्या पैशांचा, ठेकेदार खासगी, आराखडा काढणारा सल्लागार खासगी आणि या दोघांवर लक्ष ठेवणारे आपणही खासगी. सरकारी माणूस उरला तो बिलावर सही करायला. इतकी स्वच्छ व्यवस्था जगात दुसरीकडे नसेल. हात कुणाचाच मळत नाही.

एक बारीकशी विनंती आहे. तयार काँक्रीटची (आरएमसीची) गाडी रात्री येते, तेव्हा आपण यावे. माल ओतण्याआधी ३०० मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोके द्यायचे, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खचला ते पट्टीने मोजायचे. ठरल्यापेक्षा जास्त खचला, तर वाटेत कुणी पाणी घातले का, हे विचारायचे आणि गाडी परत पाठवायची. काम काही मिनिटांचे आहे. त्याला लागतो एक शंकू, एक पट्टी आणि 'परत ने' म्हणण्याची छाती असलेला एक हजर माणूस. काँक्रीटच्या क्यूबच्या चाचणीचा निकाल २८ दिवसांनी येतो. तोवर आमच्या रिक्षा त्या रस्त्यावरून धावायला लागलेल्या असतात. पण आपला अहवाल गुळगुळीत कागदावर असतो. रस्ताही तितकाच गुळगुळीत असता, तर हे पत्र लिहिलेच नसते.

आपल्या घराण्याची कीर्ती वेशीपलीकडेही आहेच. २०१६ साली मुंबईत ३४ रस्त्यांच्या कामांची चौकशी झाली, तेव्हा ठेकेदारांबरोबर त्रयस्थ लेखापरीक्षकांवरही गुन्हा दाखल झाला आणि त्यांच्या माणसांना अटकही झाली. ज्यांना चोर पकडायला नेमले, त्यांनाच पोलिसांनी पकडले. त्याच प्रकरणात महापालिकेचे दोन बडे अभियंतेही गजाआड गेले, हेही सांगायला हवे. पगार सरकारी म्हणून माणूस संत होत नाही.

तरीही महाशय, आम्हांला आपल्यापेक्षा आमचा जेई, म्हणजे महापालिकेचा कनिष्ठ अभियंता, परवडतो. मोजमाप पुस्तिकेत त्याची सही असते. त्याची खातेनिहाय चौकशी लागते, वेतनवाढ थांबते, निवृत्तिवेतन अडकते. आपले काय अडकते? फार तर एक कंत्राट. मग नव्या लेटरहेडवर आपण पुढच्या शहरात त्रयस्थ. त्यात आमच्या जेईला निवडणुकीच्या कामाला जुंपायचे, एकाच्या गळ्यात चार जणांची कामे घालायची, रिक्त जागा भरायच्या नाहीत आणि मग 'आमच्याकडे मनुष्यबळ नाही' म्हणून आपल्याला बोलवायचे, हा आमच्या राज्यकर्त्यांचा जुना शिरस्ता. माणसासाठी पैसा नसतो, महाशयांच्या फीसाठी असतो.

गावाकडची रीत पाहा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत गुणवत्तेची तपासणी तीन पातळ्यांवर होते: आधी काम करून घेणाऱ्या यंत्रणेचे स्वतःचे अभियंते, मग राज्याचे निरीक्षक, मग राष्ट्रीय निरीक्षक. बाहेरचा माणूस घरच्या माणसाला तपासतो, त्याची जागा घेत नाही. खेड्यातल्या रस्त्याला जे कळते, ते शहराला कळायला हरकत नसावी.

तेव्हा आपण जरूर या, पण दुसऱ्या फेरीत. पहिली फेरी पगारी अभियंत्याची, आणि त्याचे नाव ठेकेदाराच्या नावाखाली कामाच्या फलकावर.

आणि गोडदेवकरांनो, तुम्हांलाही दोन शब्द. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ मध्ये नागरिकाला काम पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिला आहे. रस्ता उखडल्यावर नाक्यावर चहा पीत शिव्या घालण्यापेक्षा, काम चालू असतानाच या कायद्याखाली अर्ज टाका.

आपला,
एक करदाता, गोडदेव