जोत्यापर्यंत आलंय

कोडोलीत घर बांधायला काढलेल्या माणसाला "काम कुठवर आलं?" असं विचारलं, तर तो महिना सांगत नाही आणि टक्केवारी तर नाहीच नाही. "जोत्यापर्यंत आलंय," म्हणतो. पुढच्या भेटीत "चौकटी बसल्यात," आणि त्याच्या पुढच्या भेटीत "स्लॅबला थांबलोय." कशासाठी थांबला आहे, हे मात्र विचारू नये. नोव्हेंबर असेल तर तोडीसाठी, जानेवारी असेल तर बिलासाठी, एप्रिल असेल तर पाण्यासाठी. जुलैत तर विचारणाराही छत्री धरूनच उभा असतो.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे वर्तमानपत्रात दर महिन्याला येणारे बांधकामाचे आकडे. अमुक शहरात या महिन्यात इतके आराखडे मंजूर, तमुक ठिकाणी इतक्या घरांची नोंदणी, गेल्या वर्षीच्या याच महिन्याच्या तुलनेत एवढी वाढ. शेजारी वर चढणारा किंवा खाली घसरणारा बाण. अमेरिकेत तर या आकड्याला फार मान आहे. तिथलं जनगणना खातं घरबांधणीच्या परवानग्या दर महिन्याला मोजून जाहीर करतं, आणि अर्थव्यवस्था पुढे कुठं चालली आहे हे ओळखायच्या ज्या दहा खुणा तिथले जाणकार धरतात, त्यांत या परवानग्यांचा समावेश आहे. आज कागदावर शिक्का पडला की उद्या सिमेंट खपणार, परवा सळी, मग रंग, पडदे, फ्रीज, असा त्यांचा सरळ हिशोब. शिक्का आधी, घर नंतर. आमच्या पन्हाळा तालुक्यात हा क्रम इतका पक्का धरून चालत नाही.

त्यातही ते लोक हंगामाचा परिणाम आकड्यातून काढून टाकतात. म्हणजे जानेवारीत बर्फामुळं कामं थांबणारच, तर तेवढं वजा करून खरा कल बघायचा. कल्पना उत्तम आहे. फक्त कोडोलीचा हंगाम वजा करायचा तर त्या संख्याशास्त्रज्ञाला सोलापूरचं दाते पंचांग सोबत घेऊन बसावं लागेल, कारण आमचे हंगाम इंग्रजी महिन्यांत मावत नाहीत. २०२२ साली पितृपंधरवडा १० ते २५ सप्टेंबरला होता. त्या पंधरा दिवसांत कोण पाया खणणार? पुढच्या वर्षी, २०२३ साली, अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यामुळं सगळे सण पुढं ढकलले गेले; गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि पितृपंधरवडा जवळजवळ सगळा ऑक्टोबरात गेला. आता या दोन सप्टेंबरांची तुलना करा. बाण वर जाणारच. वाहिनीवरचा तज्ज्ञ सांगणार, ग्राहकांचा आत्मविश्वास परतला. गावातली कुठलीही म्हातारी सांगेल, पंधरवडा फुडं सरकला.

शिवाय अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. नवं काम काढायचं नाही हे झालंच, पण जावई जेवायला येणार, त्याला वाण द्यायचं, लेकीला साडी, नातवंडांना कपडे. वाळूसाठी बाजूला काढलेले पैसे चांदीच्या ताटलीत जातात. महिन्याच्या आलेखात ही घट दिसते, कारण दिसत नाही.

सरकारलाही कधीकधी महिन्याचा आकडा हवा तसा हलवता येतो. २०२० साली टाळेबंदीनंतर राज्यानं मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणलं, आणि ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत ठेवली. एकट्या मुंबईत त्या डिसेंबरात साडेएकोणीस हजारांच्या आसपास घरांची नोंदणी झाली. पितृपंधरवड्याला जे धाडस होत नाही, ते तीन टक्क्यांच्या सुटीपुढं सहज होतं. अर्थात डिसेंबरात मार्गशीर्षही असतो, त्यामुळं नेमकं श्रेय कुणाचं हे भटजी आणि अर्थमंत्री यांनी आपसांत ठरवावं.

आमच्याकडचा खरा अर्थमंत्री म्हणजे ऊस. शेजारीच वारणानगर. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला कारखाना, मग दूध, बाजार, शाळा-कॉलेजं, सगळा पसारा त्यातून वाढलेला. आजही कोडोलीच्या एखाद्या गल्लीत स्लॅब कधी पडणार हे ओळखायचं असेल, तर आराखडा बघण्यापेक्षा त्या माणसाचा ऊस कधी गेला ते विचारावं. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्याआधी दर काय मिळणार यावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत गर्जना व्हायच्या असतात. म्हणजे आर्किटेक्टच्या नकाशात बारा बाय चौदाची खोली जरी असली, तरी ती बारा बाय सोळाची होणार का, हे जयसिंगपूरच्या मैदानात ठरतं.

हिशोबच करा. २०२४-२५च्या हंगामाला केंद्रानं सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागं ३,४०० रुपये असा किमान दर बांधून दिला होता. एकरी चाळीस टन धरले तर १ लाख ३६ हजार. त्यातून तोडणी-वाहतूक जाते, सोसायटी जाते, खताची उधारी जाते. उरलं त्यात पायाही होत नाही, पण पाया काढायचं धाडस होतं. एकदा खड्डा खणला की माणूस मागं फिरत नाही. पुढच्या हंगामाचा ऊस त्या खड्ड्याच्या नावानं वाढू लागतो. म्हणून आमच्या भागातली घरं तीन-तीन हंगाम चालतात. कुठल्या महिन्याच्या रकान्यात त्यांना बसवायचं?

गंमत म्हणजे मोजदादीचं वावडं या भागाला मुळीच नाही. १९९८ साली देशात खेड्यांत संगणक ही चैन वाटत असताना वारणा परिसरातल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. कुणाचा किती ऊस, वजन किती, बिल किती, हे संगणकावर दिसावं हा त्यातला एक मोठा हेतू. टनाचा हिशोब पडद्यावर गेला, पण त्या टनातून उभं राहिलेलं घर पुढं कितीतरी वर्षं नमुना आठच्या रजिस्टरात निळ्या शाईनंच लिहिलं जात होतं.

परवानग्यांच्या बाबतीत आता बरीच सोय झाली आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०२०च्या डिसेंबरात जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. पाठोपाठ २०२१च्या फेब्रुवारीत तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या कागलच्या माणसानं, गावाकडं ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराकडं जायची गरज नाही असं जाहीर केलं. १,६०० फुटांपर्यंत तर मालकीची कागदं, नकाशा आणि वास्तुविशारदाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं आणि कामाला लागायचं. त्याच्यावर असेल तर दहा दिवसांत दाखला.

दहा दिवस! कोडोलीकर या मुदतीनं थोडा गांगरलाच असणार. कारण सरकारी मंजुरी दहा दिवसांत मिळाली, तरी घरातली मंजुरी व्हायला दहा महिने लागतात, आणि तिला कुठलीही नियमावली लागू नाही.

नकाशा घरी आला की तो आधी देव्हाऱ्यापुढं ठेवला जातो. मग आजी विचारते, "चूल कुठं?" इंजिनिअर सांगतो, इथं किचन ओटा. "ते झालं. चूल कुठं?" मागच्या दारी चुलीला जागा निघते, त्यासाठी न्हाणीघर सरकतं, न्हाणीघर सरकल्यामुळं जिना फिरतो. पुण्यात हिंजवडीला असलेला मुलगा व्हिडिओ कॉलवर येतो. त्याला ओपन किचन पाहिजे. आई विचारते, "म्हंजी पावण्यांस्नी फोडणी दिसणार?" दिसणार, तो म्हणतो, तेच तर भारी असतं. आई फोन वडिलांकडं देते. वडिलांना फक्त एकच प्रश्न असतो: ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आत वळतो का? वळत नाही म्हटल्यावर हॉल दोन फूट आत जातो. सून काही बोलत नाही, ती इंजिनिअरला बाजूला गाठून खोलीला लागून संडास-बाथरूम घालून घेते आणि या सगळ्या नकाशात तेवढंच एक काम शेवटपर्यंत जागचं हलत नाही.

भावकीचं वेगळं. सामाईक भिंत नेमकी कुणाची, पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडणार, आजोबांनी घातलेली शीव फणसाच्या अलीकडची का पलीकडची? फणस तोडून वीस वर्षं झाली असली तरी मोजणी तिथूनच. दोन्ही भाऊ एका पंक्तीला बसत नाहीत, तोवर गवंडी ओळंबा हातात घेत नाही. याचा आकडा कुणी महिन्याच्या महिन्याला छापला, तर तो मी बाण न बघता वाचीन.

आणि गोठा. गोठा नकाशात कधीच नसतो. घर नव्वद टक्के झालं की त्याच्या मागं आपोआप उगवतो. दूध डेअरीला जाणार म्हटल्यावर म्हशीला कोण परवानगी विचारणार?

पावसाळ्याचं वेगळं गणित. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून वाळू काढायला बंदी असते. २०२३च्या धोरणात सरकारनं वाळू सहाशे रुपये ब्रासनं द्यायचं जाहीर केलं, तेव्हा चहाच्या टपरीवर बरीच चर्चा झाली होती. आता बहुतेक जण मुकाट्यानं क्रश सँड आणतात. भर पावसात काम कशाला काढलं असं एका गवंड्याला विचारलं, तर त्यानं आभाळाकडं बोट केलं. "क्युरिंगला फुकटचा गडी हाय. त्याला हजेरी न्हाई, चा न्हाई." मात्र चैत्रात जोतिबाची यात्रा लागली की गवंडी, बिगारी, मालक, तिघंही एकाच दिशेला तोंड करून डोंगराकडं चालू लागतात, आणि सेंट्रिंगच्या फळ्या गुलालाची वाट बघत तशाच पडून राहतात.

वारणाकाठच्या गावांत तर जोत्याची उंची आता नदी ठरवते. पूररेषा दोन असतात: सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. २०१९ला पूर आला, आणि २०२१ला पुन्हा आला. शंभर वर्षांचा हिशोब समजावून सांगणाऱ्या माणसाकडं तिथले लोक फार अविश्वासानं बघतात. ते भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवतात, तिच्यावर दोन फूट जोतं घेतात, आणि पायऱ्या वाढल्या म्हणून आजीच्या गुडघ्यांची माफी मागतात.

महिन्याच्या आकड्यांतला सगळ्यात मोठा उंचवटा शोधायचा तर तो २२ फेब्रुवारी २०२५चा. त्या दिवशी पुण्यात बालेवाडीला केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना घरकुलाची मंजुरीपत्रं दिली गेली. एका दिवसात वीस लाख! त्या महिन्याचा आलेख काढायला बसलात, तर कागदाला वरून दुसरा कागद चिकटवावा लागेल. पण पुढची व्यवस्था बघा. घरकुलाचे मैदानी भागातले १ लाख २० हजार रुपये महिन्याच्या तारखेनं येत नाहीत. जोत्याचा फोटो, मग चौकटीच्या वरच्या पातळीचा फोटो, मग छताचा फोटो. फोटो पोचला की हप्ता. म्हणजे दिल्लीतून विचारणारासुद्धा शेवटी तेच विचारतो: कुठवर आलंय? आणि मोबाईल समोर धरून इथला माणूस तेच सांगतो.

पूर्ण झालेली घरं मोजणं त्याहून अवघड, कारण आमच्याकडं घर पूर्ण होतच नाही. गच्चीवर खांबांच्या सळ्या हातभर वर सोडलेल्या असतात, थोरल्याचं लग्न झालं की वरचा मजला चढवायचा म्हणून. थोरला पुण्याला राहतो, धाकटा दुबईला गेला, सळ्यांवर वाळणं घालायला तारा बांधल्या गेल्या, तरी मालक घराला "अजून काम चालू हाय" असंच म्हणतो. पूर्णत्वाचा दाखला मागायचं त्याच्या मनातही येत नाही. अजून वरचं राहिलंय ना.

मग कधीतरी त्या वरच्यासाठी बँकेचं कर्ज काढायची वेळ येते आणि बँक कागद मागते. खालच्या मजल्याचे. असाच एक गृहस्थ आमच्या पट्ट्यातल्या एका गावात अर्ज घेऊन उभा होता. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बांधकाम कधी सुरू करणार?"

"करणार कशाचं? झालंय की. वास्तुशांतीला तुमी जेवून गेलासा."

भाऊसाहेबांना आठवलं. बासुंदी होती.

"पण अर्जावर महिना घालायला पाहिजे. कुठला घालू?"

गृहस्थानं बराच विचार केला. पाया पडला तेव्हा ऊस बेण्याला ठेवला होता, चौकटी बसल्या तेव्हा म्हस व्याली होती, स्लॅबला मेव्हण्यानं पैसे दिले ते साल बायकोला पाठ आहे.

"मार्च घाला सायेब," तो शेवटी म्हणाला. "मार्चात सगळंच बसतंय."