दोन थेंब नाना

आमच्या इमारतीत कुणी जिन्यात शिंकलं, की तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं आणि नाना प्रकट होतात. हातात चष्म्याची जुनी डबी. आत चष्मा नसतो, बोटाएवढ्या बाटल्या असतात: निलगिरी, लवंग, ओवा, गवती चहा. "रुमाल काढ. दोन थेंब. दोनच!" तिसरा थेंब नानांनी अजून सख्ख्या भावालाही दिलेला नाही.

नाना कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त ते झाले, प्रयोगशाळा नाही. ती नानींच्या ओट्यावर आली. किलोभर गवती चहाची वाफ धरली की जेमतेम चमचाभर तेल हाती लागतं. नानी म्हणतात, "एवढ्या गॅसवर मुंजीचा स्वयंपाक झाला असता."

पाहुण्यांना चहाआधी अमृतधारेचा खेळ बघावा लागतो. कापूर, पुदिन्याची फुलं, ओव्याची फुलं. तिन्ही कोरडी ठणठणीत. नाना ती बाटलीत टाकतात, बूच लावतात आणि हलवत बसतात. हळूहळू खडे घामेजतात, मग पाझरतात, शेवटी बाटलीत नुसता रस. "पाण्याचा थेंब घातला का? नाही ना? एकटा कापूर पावणेदोनशे अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. पण संगत बघा!" शेवटचं वाक्य म्हणताना ते आपल्या जावयाकडे का बघतात, हे आम्ही कधी विचारलेलं नाही.

मग जंतू. "जंतूभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो. तेल त्यात शिरतं आणि आपल्या गच्चीसारखी गळती सुरू होते. आतला माल बाहेर, जंतू खलास." इथे सोसायटीचे सेक्रेटरी हमखास उठून जातात. उरलेल्यांना अँटिऑक्सिडंट ऐकावं लागतं: प्रयोगशाळेत एक जांभळं द्रावण असतं, त्यात लवंगेचं तेल पडलं की ते फिकट होत पिवळं पडतं. कारण तेलातलं युजेनॉल. हे ऐकल्यापासून नानी जांभळी साडी कुलपात ठेवतात.

वैताग असा, की माणूस बहुतेक वेळा बरोबर असतो. आणि भोंदू तर मुळीच नाही. "बशीत मेलेला जंतू म्हणजे पोटात मेलेला जंतू नव्हे," असं बजावून ताप आलेल्याला ते स्वतः रिक्षात घालून डॉक्टरकडे नेतात. (वाटेत रिक्षावाल्याला दोन थेंब.) खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी बाळाच्या छातीला कापराचं तेल चोळायला घेतलं, तेव्हा नाना बनियनवरच धावत गेले. "तान्ह्याला कापूर? झटके येतील! ठेव ते!" बाळ दचकून रडायला लागलं, पण बाटली कपाटात गेली.

मध्यंतरी त्यांचीच दाढ ठणकली. आठवडाभर लवंगेच्या तेलाचा बोळा धरून बसले. कळ थांबे, कीड थांबेना. शेवटी नानींनी दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दाढ कोरली, तात्पुरतं सिमेंट कालवायला घेतलं आणि खुर्चीत नाना ताडकन उठून बसले. तोंडात कापूस, तरी ओरडले, "ववंग!" डॉक्टर म्हणाले, "हो काका, यात झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलच असतं."

त्या संध्याकाळी बधिर गालाने नाना दारोदार फिरले. एक शब्द कुणाला कळला नाही, पण तोंड उघडलं की लवंगेचा वास येत होता, त्यामुळे मुद्दा पोचला. मागून नानी हातात बिल घेऊन आल्या. "घरात एवढ्या बाटल्या आहेत," त्या म्हणाल्या, "पुढची दाढ ओट्यावरच भरू."