पैनगंगेपलीकडचा परदेश

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी अमेरिका या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत मोटारीने पालथी घातल्यापासून आमच्या आळीत परदेशगमन या विषयावर अन्य कोणास तोंड उघडण्याचा अधिकार उरला नव्हता. तेव्हा तो अधिकार स्वकष्टाने संपादन करावा, परंतु पारपत्र, विमान आणि पेन्शन यांपैकी कशासही हात लावू नये, अशी तजवीज करून मी सहकुटुंब पांढरकवड्याहून आदिलाबादची बस धरली.

आदिलाबाद हा परदेश कसा, हे आमच्या आजोबांना विचारावयास हवे होते. त्यांच्या काळी पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामाचा. (कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच होते, पण तो तपशील माझ्या परदेशाच्या आड येतो म्हणून सोडून देतो.) नदी उतरताच करोडगिरीचे लोक गाठोडे सोडावयास लावीत, खिशातल्या इंग्रजी सहा रुपयांचे हाली शिक्क्यात सात होत, आणि सरकारी दप्तरात फसली साल चालत असल्यामुळे १९४७ सालात पाण्यात शिरलेला मनुष्य पैलतीरी १३५६ त बाहेर पडे. सहाशे वर्षांची सूट देणारी दुसरी नदी माझ्या पाहण्यात नाही.

आता तीवर पूल आहे, आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या मोटारी तो ओलांडताना वेगसुद्धा कमी करीत नाहीत. सरहद्द कळते ती पाट्यांवरून: मास्तरकीत जन्म घालविलेला मी भोरजपाशी साफ निरक्षर झालो. पण तेही सुख टिकले नाही. आदिलाबादच्या स्थानकावर जैनदची बस विचारण्यासाठी पाठ केलेले तेलुगू वाक्य घशाशी आणतो आहे, तोच बाकावरच्या एका म्हाताऱ्याने "कुठं जाचं हाय, भाऊ?" म्हणून त्या सर्व परिश्रमावर पाणी ओतले. खानावळीत परदेशी पक्वान्न समजून ज्यात मोठ्या अपेक्षेने बोट बुडविले, ते लोणचेही अंबाडीचेच निघाले.

परदेश भेटला तो जैनदच्या बसमध्ये. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, परंतु तो तेथील रहिवासी बायकांना. वाहक एकेकीचे आधार कार्ड पाहून यंत्रातून शून्य रुपयांची तिकिटे काढीत आमच्या मंडळींपर्यंत आला, कार्डावरच्या यवतमाळ या अक्षरांवर त्याने अंगठा टेकला, आणि विमानतळावरील अंमलदारालाही साधणार नाही अशा निर्विकार मुद्रेने पूर्ण भाडे मागितले. लुगडे, कापसाचा भाव, सुनेविषयीच्या तक्रारी, सगळ्यांत शेजारणींशी तिचे एकमत झालेले. वेगळा निघाला तो फक्त पिनकोड. आपल्याकडे एस.टी.चे अर्धे तिकीट काढणारी ही बाई त्यानंतर जैनदपर्यंत खिडकी कोणालाही न देता बसली.

तोच म्हातारा माझ्याजवळ बसला होता, आणि प्रवासवर्णन लिहिण्याची माझी उरलीसुरली उमेद त्याने घालविली. गृहस्थ निजामाच्या रयतेत जन्मला. १९४८ नंतर हिंदी संघराज्यातील हैदराबाद राज्यात आला. १९५६ त किनवट आणि राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्याकडे गेले, तेव्हा किनवटला दिलेली थोरली बहीण तिकडे गेली आणि हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ त तेलंगणात शिरला. आणि २०१६ त जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. चार राज्ये पाहिली, आणि त्यांपैकी एकासाठीही त्याला ओसरीवरून उठावे लागले नाही. बहिणीकडे दिवाळीला जाण्यास मात्र दर वेळी परराज्याचे भाडे पडले, एवढीच त्याची तक्रार.

वाचकांपैकी कोणास त्या मुलखात जाणे झाले, तर पौष अमावास्येला, केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेस जावे. मेसराम कुळाचे गोंड देवासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, तेव्हा बसने आल्याची ऐट तेथे मिरवू नये. थंडी कडक असते, शाल न्यावी. आणि कुटुंब बरोबर असेल, तर तिच्या भाड्याचे सुटे पैसे वेगळे ठेवावेत.