पाच नद्या आणि एक मग

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला व्हिसापेक्षा पाण्याची काळजी जास्त असते. माझ्या जर्मनीतल्या आतेभावानं आत्याला फोनवर सगळं नीट समजावलं होतं. महामार्गावरच्या शौचालयात एक युरो टाकायचा, फाटक उघडतं, वर कुपन मिळतं, ते तिथल्याच दुकानात वटवायचं. आत मात्र कागदच. "मग राहू दे तुझा देश," असं म्हणून आत्यानं काशी धरली. तिथं पाण्याला काय तोटा! आम्ही दोघं उतरलो तेही पंचगंगा घाटाजवळ. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्या इथं भेटतात असं मानतात. डोळ्यांना दिसते एकच, बाकीच्या श्रद्धेनं धरून चालायच्या. घाटावरच्या शौचालयांचंही साधारण तसंच आहे.

धर्मशाळेत नळाला पाणी भरपूर होतं, मग नव्हता. आधीच्या कुणा यात्रेकरूनं काशीची आठवण म्हणून नेला असावा. रेल्वे मगाला साखळी का लावते, ते तिथं कळलं. दाराला कडीही नव्हती. अशा वेळी आत कुणीतरी आहे हे बाहेर कळावं म्हणून तोंडानं काहीतरी चालू ठेवावं लागतं. आत्याला स्तोत्रं भरपूर पाठ, पण त्या जागी देवाचं नाव कसं घ्यायचं? तिनं खणखणीत आवाजात पावकी, निमकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणायला घेतले. पाऊणकीपर्यंत मजल गेली तेव्हा बाहेर रांगेत उभा असलेला एक भोजपुरी गृहस्थ मला आदरानं म्हणाला, "माताजी बड़ा कठिन पाठ करती हैं."

कार्तिकात या घाटावर पहाटेच्या अंधारातच स्नानाला गर्दी होते. बांबूच्या टोकाला आकाशदिवे, अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ, वर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळ. मराठी माणसाला अगदी घरच्यासारखं वाटतं. आणि घरच्यासारखं वाटलं की ज्याची आठवण व्हायची त्याची होतेच. पुरुषांचं काय, त्यांना कोणतीही भिंत चालते. त्यांना आवरायला भिंतीवर देवांच्या फरश्या बसवतात, तर ते नमस्कार करून चार हात पुढे सरकतात. बायकांनी मात्र त्या उभ्या चढणीच्या पायऱ्या पुन्हा चढून जायचं. काशीत मोक्षाला कुणी स्त्री-पुरुष विचारत नाही, लघवीला मात्र विचारतात. याचा मला मनापासून राग आहे.

बरं, हे दुखणं आजचं नाही. फेब्रुवारी 1916 मध्ये गांधीजींनी इथल्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात विश्वनाथाच्या गल्ल्यांतल्या घाणीवरून भर सभेत कान उपटले होते. ॲनी बेझंटबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं, पण ते बाँबवाल्यांच्या उल्लेखावरून, घाणीवरून नव्हे. त्याच्याही आधी, 1820 च्या दशकात, टांकसाळीत नाणी पारखायला आलेल्या जेम्स प्रिन्सेपनं शहरात साचणारं पाणी वाहून नेण्यासाठी जमिनीखालून कमानदार नाला बांधून घेतला. पंचगंगेवरच्या औरंगजेबी मशिदीचे मिनारही त्यानंच दुरुस्त केले. पुढे त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली, त्याबद्दल त्याला जग ओळखतं. मिनार आता उरलेले नाहीत. नाल्याबद्दल त्याचे आभार मानणारा यात्रेकरू मला अजून भेटायचा आहे. आत्याला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याला म्हणावं, एक कडीसुद्धा लावून जायचीस."

तेव्हा काशीला निघणाऱ्यांनो, पिशवीत आपला मग, कागदी साबण आणि सुटे पैसे ठेवा. सार्वजनिक शौचालयात पाचशेची नोट कुणी मोडून देत नाही, आणि तुम्हाला तेवढं थांबायला वेळही नसतो. पायऱ्या उतरण्याआधी वरच जाऊन या. पाढे येत नसतील तर आतापासून पाठ करा.