मंजूर नकाशाप्रमाणे

स्वतःच्या घराच्या भिंतीत खिळा ठोकायला कोणाला विचारावं लागत नाही. पण त्या भिंतीच्या पोटात काय आहे हे सांगणारा कागद बघायची हुक्की आली, की दारोदार हिंडावं लागतं. एरवी अशी हुक्की कोणाला येतही नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी ती बळेच आणली आहे: इमारत 15 वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि 30 ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. मग कोणीतरी इंजिनिअर येतो, जिन्याखालच्या कॉलमवर हातोडीने टकटक करतो आणि सहज विचारतो, “मूळ ड्रॉइंग्ज असतीलच ना?” चेअरमन सेक्रेटरींकडे बघतात, सेक्रेटरी खजिनदारांकडे. खजिनदारांच्या मागे भिंत असते.

आमच्या सोसायटीचं कपाट उघडलं तेव्हा त्यातून काय नाही निघालं! टँकरच्या पावत्या, गणपतीच्या वर्गणीची पुस्तकं, बंद पडलेल्या लिफ्ट कंपनीचा करार, कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका. इमारतीचा नकाशा तेवढा नव्हता. बिल्डरच्या ऑफिसात आता मोबाइलचं दुकान आहे. आर्किटेक्ट देवाघरी गेले. त्यांचे चिरंजीव मात्र सापडले. गृहस्थ फार सौजन्याने बोलले. “काका, इमारत तुमची, शंभर टक्के. पण ड्रॉइंग बाबांचं.”

हे ऐकून आमचे सेक्रेटरी तापले. पण कायदा चिरंजीवांच्या बाजूने निघाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात वास्तूचा नकाशा कलाकृतींत मोडतो. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर हक्क रेखाटणाऱ्याचा. त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. म्हणजे आमच्या जिन्याचं ते वळण, जिथे प्रत्येक नव्या सोफ्याचा एक पाय मोडतो, तेही कलाकृतीचाच भाग. मात्र हाच कायदा पुढे म्हणतो की वास्तूच्या बाबतीत हक्क फक्त कलात्मक रूपावर, बांधण्याच्या पद्धतीवर नाही. तेव्हा गच्चीचं पाणी थेट तिसऱ्या मजल्यावरच्या देवघरात उतरवण्याची आमच्याकडची पद्धत कोणीही खुशाल उचलावी.

आणखी एक कलम तर फारच उदार आहे. इमारत मुळात रीतसर परवानगीने नकाशाबरहुकूम बांधलेली असेल, तर पुढे त्याच नकाशाप्रमाणे ती पुन्हा उभारणं हा कॉपीराइटचा भंग नव्हे. उत्तम! फक्त तो नकाशा कोणी तुमच्या हातात द्यावा, असं काही हे कलम म्हणत नाही. नव्या इमारतींचं नशीब बरं. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर 30 दिवसांत बिल्डरने आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीच्या हवाली करायचे असतात. आमची इमारत बिचारी लवकर जन्मली.

मला अशा वेळी राजाबाई टॉवर आठवतो. त्याचा नकाशा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. त्यांनी लंडनमध्ये बसून रेघा ओढल्या आणि इथल्या माणसांनी त्या दगडात चढवल्या. टॉवर 1878 साली पुरा झाला, त्याच वर्षी स्कॉटही गेले. तिथे माणूस न येता कागदावर काम भागलं. आमचे आर्किटेक्ट म्हणे स्लॅबच्या दिवशी छत्री घेऊन रात्रीपर्यंत उभे होते, आणि कागदाचा मात्र पत्ता नाही.

शेवटी महापालिकेच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळाली. अर्ज, त्यावर स्मरणपत्र, मग माहिती अधिकार, या सर्वमान्य क्रमाने. सभेत टेबलावर ती पसरली तेव्हा सगळे चष्मे पुसून वाकले. मूळ अमोनिया प्रिंट जुनी, त्यामुळे रेघा विरलेल्या. घडीवरची अक्षरं गेलेली. पूर्वी ट्रेसिंग कागदावर शाईने ओढलेली रेघ चुकली, तर अर्ध्या ब्लेडने खरवडून काढत. तो ओरखडा प्रिंटमध्ये पुसटसा उतरे. आमच्या जिन्यापाशी तसा एक डाग होता. म्हणजे जिना आधी दुसरीकडे होता! तो हलवावा असं त्या माणसाला का वाटलं असेल? कदाचित समोरच्या आंब्यासाठी. सोफ्याचे पाय क्षणभर माफ करावेसे वाटले.

ते कौतुक फार टिकलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी बोट ठेवलं, “ही बाल्कनी कोणाची?” बाल्कनी चेअरमनसाहेबांची होती. नकाशात उघडी, प्रत्यक्षात हॉलमध्ये विलीन होऊन तिथे आता त्यांचा टीव्ही आहे. बोट वरवर सरकत गेलं, तसा एकेक सभासद गप्प होत गेला. काकूंची ड्राय बाल्कनी स्वयंपाकघरात गेली होती. गच्चीवरची पत्र्याची खोली नकाशाला ठाऊकच नव्हती. आणि जिथे आम्ही सभा भरवून बसलो होतो, ते सोसायटीचं ऑफिस? तिथे नकाशात स्कूटर लावायच्या होत्या.

“जुना कागद आहे, फार हाताळू नका,” असं म्हणत सेक्रेटरींनी घडी घातली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुने नकाशे उगाच हरवत नाहीत. बिल्डरला ते नको असतात, कारण त्यात कबूल केलेलं सगळं असतं. आपल्यालाही नको असतात, कारण त्यात कबूल न केलेलं काहीच नसतं. मालकी कोणाचीही असो, कागद सापडू नये यावर सगळ्यांचं एकमत असतं. वाळवीवर आपण उगाच आळ घेतो.

गंमत म्हणजे इंजिनिअरला त्या नकाशाचा फारसा उपयोग नव्हता. मंजूर नकाशात खोल्या दिसतात, कॉलममधल्या सळया नाहीत. त्या आर.सी.सी. ड्रॉइंगमध्ये, आणि ती वेगळ्या सल्लागाराची. पुन्हा तोच शोध कोण करणार? त्यापेक्षा यंत्राने सळया हुडकून, फुटपट्टीने खोल्या मोजून त्यानेच नवी ड्रॉइंग्ज करावीत, असं ठरलं. सेक्रेटरी आता शहाणे झाले होते. “मूळ प्रत, कॉम्प्युटरची फाइल आणि हक्क, सगळं सोसायटीच्या नावे. आधी तसं लिहून द्या, मगच अ‍ॅडव्हान्स.”

“देतो की,” इंजिनिअर म्हणाला. “फक्त बाल्कन्या कशा दाखवू ते सांगा. आहेत तशा, की मंजूर आहेत तशा?”

हा विषय सर्वानुमते पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला.