नळघराचा महिमा

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि महाराष्ट्राला जागेवरच बनवलेल्या ताज्या बिअरची ओळख झाली. अशी बिअर थेट नळातून देणाऱ्या जागेला टॅपरूम म्हणतात, म्हणजे शुद्ध मराठीत नळघर. बीडहून नोकरीला गेलेला तरुण तिथे पहिल्यांदा शिरतो आणि हात जोडायचेच बाकी राहतात. भिंतीवर ओळीने नळ, अन् सगळ्यांना धार!

त्याच्या घरी नळ येण्याची तारीख लग्नतिथीसारखी कॅलेंडरवर मांडलेली असते.

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, हे दूरदृष्टीच्या शासनाने केव्हाच ओळखलं होतं. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. औरंगाबादच्या बिअर कारखान्यांचा पाणीपुरवठा मात्र चालू होता. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. न्यायालयांना उद्योगाचं काय कळतं!

तेव्हा बीड जिल्ह्यात टँकर बंद करून वाडीवाडीवर नळघर काढावं. उद्योग म्हटला की पाण्याचं आरक्षण आलंच. पिणाऱ्याचीही सोय आहे: दारूबंदी कायद्याखाली ‘आरोग्य राखण्यासाठी’ एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो. साध्या पाण्याला असा परवानाच नाही. मग तहान सरकारदरबारी सिद्ध व्हावी कशी?

औरंगाबादच्या त्या बिअर कारखान्यांना पाणी जायकवाडी धरणाचं. जायकवाडी हे मुळात बीड जिल्ह्यातलं गाव. धरण आधी तिथेच व्हायचं होतं. झालं पैठणला. नाव तेवढं बीडचं राहिलं.