साहेबाचा पट्टा आणि दादांचा प्लॉट

न्यू जर्सीहून आलेल्या दादांना अमरावतीत प्लॉट हवा असतो. कायदा त्यांना आधीच सांगून ठेवतो: अस्सल विदेशी माणसाने तिकडे बसून इथली जागा विकत घ्यायची नाही. ओसीआय कार्डवाल्या देशी वंशाच्या दादांनी घर, दुकान, प्लॉट घ्यावा, पण शेतजमीन आणि फार्महाऊसला हात लावायचा नाही. वडिलांकडून वारशाने वावर आलं तर चालतं, विकत घेतलेलं चालत नाही.

अडचण एवढीच की बेलोऱ्याचं विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून आसपासचं प्रत्येक वावर स्वतःला प्लॉट समजू लागलं आहे. मुरमाचा रस्ता, चार सिमेंटचे खांब, प्रवेशद्वारावर देवाचं नाव. सातबाऱ्यावर मात्र अजून सोयाबीन. विचारलं तर दलाल म्हणतो, “दादा, टेन्शन काऊन घेता? एनए होऊनच रायलं!” हे ‘रायलं’ किती वर्षं टिकेल, ते तहसीलदारही सांगू शकत नाही. अकोल्यात तर शिवणीची धावपट्टी वाढणार म्हणून प्लॉट विकणारे म्हातारे झाले. जमीन भोगवटादार वर्ग दोनची निघाली, तर ती विकायला सरकारची परवानगी लागते, ही माहिती पैसे दिल्यावर मिळते.

दादा परत जाताना चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र देतात. भाऊच तो!

खरं तर वऱ्हाडात जमीन कशी घ्यावी, हे एका विदेशी गिऱ्हाइकाने फार पूर्वी दाखवून ठेवलंय. १८५३ साली इंग्रजांनी निजामाला कळवलं, तुमच्या रक्षणासाठी ठेवलेल्या फौजेचा खर्च थकलाय. (फौज नको म्हणायची सोय नव्हती.) बाकीपोटी अख्खा वऱ्हाड ताब्यात घेतला. मालकी निजामाचीच, खर्च वजा जाता उरेल ते निजामाला, दरसाल हिशेब देऊ, असा करार. १८६० च्या नव्या तहात हिशेब मागायचा हक्कही निजामाकडून सोडवून घेतला. दिवाण सालारजंग १८७६ मध्ये विलायतेला जाऊन आले, पण वऱ्हाड काही सुटला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने कायमचा पट्टा लिहून घेतला: वर्षाला २५ लाख रुपये. आज एवढ्यात शहरात बरा फ्लॅट मिळत नाही. साहेबाने त्यात पांढऱ्या सोन्याचा मुलूख घेतला.

ना शोध अहवाल, ना मोजणी प्रलंबित, ना शेजाऱ्याचा दावा. कारण मोजणी करणारा साहेब, नोंद घेणारा साहेब आणि अपील ऐकणाराही साहेबच. दादांकडे नुसते डॉलर आहेत.

मूळ मालकालाही साहेबाने अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ पदवी दिली. कारभार साहेबाचा, नाव मालकाचं.

चुलतभाऊही इतिहासाला धरूनच वागतोय. दादांच्या प्लॉटमध्ये त्याने यंदा तूर पेरली आहे, तारेच्या कुंपणाचा खर्च व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला आहे आणि सोबत फोटोही पाठवलाय. तुरीच्या मधोमध दादांच्या नावाची पाटी आहे. इंग्रजीत, ठळक अक्षरांत.